पासवर्ड बदलण्याआधी



मोहल्ल्यात कुणी नवा फोन घेतला की तो सुरू करून द्यायला तुमच्यापैकीच कुणाला तरी हाक मारतात. मीही हे काम बरीच वर्षं करते आहे. त्यातली माझी एक चूक आधी सांगते.

एक आपा माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "मी कुठे गेले, कुणाशी बोलले, यांना सगळं कसं कळतं गं?" फोन पाहिला. जीमेलचं खातं नवऱ्यानेच उघडून दिलेलं, गूगल मॅप्सवर यांचं लोकेशन त्याला चोवीस तास दिसत होतं, आणि व्हॉट्सॲप दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडलेलं. मी तिथल्या तिथे पासवर्ड बदलला, लोकेशन बंद केलं, कॉम्प्युटर तोडला. फार मोठं काम केलं असं वाटलं मला! पासवर्ड बदलल्याची सूचना त्याच्याच फोनवर गेली. त्या रात्री आपांना मार पडला आणि फोनही काढून घेतला.

पाळत तुटली की पाळत ठेवणाऱ्याला ते कळतं. त्यामुळे आता मी आधी विचारते: आज रात्री कुठे झोपणार? सोबत कोण आहे? त्याचं उत्तर नसेल तर तो फोन आहे तसाच राहू द्यायचा. त्यावर मुलांची शाळा, भाजी, खाला-मामूंची खुशाली, नेहमीचं सगळं चालू ठेवायचं. मदतीचं बोलणं दुसऱ्या फोनवरून, म्हणजे मैत्रिणीच्या किंवा शेजारणीच्या, ज्याला त्याचा हात कधी लागलेला नाही. नवं मेल खातंही तिथूनच उघडायचं आणि जुन्या फोनवर ते कधीच उघडायचं नाही. सिम त्याच्या नावावर असेल तर तो डुप्लिकेट काढू शकतो, मग ओटीपी त्याच्याच हातात. १८१ ही महिलांची हेल्पलाइन, पण तो नंबरही कॉलच्या यादीत राहतो. जिवावर बेतलं असेल तर मात्र हातात येईल त्या फोनवरून ११२.

पुराव्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे आपल्या बायकांचं फार नुकसान होतं. व्हॉट्सॲपवर तीन तलाकचा मेसेज येतो आणि ती रागाने, शरमेने तो पुसून टाकते. २०१९ च्या कायद्याने असा तलाक मोबाइलवर लिहून पाठवला तरी तो रद्दबातल आहे, आणि देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तो मेसेजच पुरावा आहे! दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो घ्या, नंबर आणि तारीख दिसेल असा. मूळ मेसेजही ठेवा. आपोआप पुसले जाणारे मेसेज लावलेले असतील तर फोटोला उशीर करू नका. धमक्यांचंही तसंच.

"कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आपल्याला कुठे लागू आहे?" असं मला अजून विचारलं जातं. २००५ चा तो कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. राहत्या घरात राहण्याचा हक्क त्यात आहे, अर्ज करायला मदत करणारे संरक्षण अधिकारीही आहेत.

दुसरा ठरलेला प्रश्न पुरुषांचा: "मियाँ-बीवीत कसली प्रायव्हसी?" मग भाईजान, तुमच्या फोनचा पिन बीवीला माहीत आहे का? इथे बहुतेक जण हसतात. दीनचा दाखला हवा असेल तर सूरह हुजुरातची बारावी आयत काढून बघा, हेरगिरीला तिथे साफ मनाई आहे.

आणि भावांनो, बहिणीचा फोन लावून देताना रिकव्हरीला स्वतःचा नंबर टाकता ना? काळजीपोटीच टाकता, मला माहीत आहे. तिचाच टाका. ती पिन घालत असताना मान वळवा.

त्या आपा आता माहेरी असतात. नवं सिम स्वतःच्या आधारवर घेतलंय. नंबर मला अजून दिलेला नाही. निरोप असला की बहिणीच्या फोनवरून करतात.