तीन बांबूंची झोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. वर्धापनदिनी प्रत्येकीने आपल्या घरातील एखाद्या हस्तकामाविषयी बोलावे असे ठरले, तेव्हा सगळ्यांना वाटले की मी गोधडीवर बोलणार. मी बोलणार आहे माझ्या लेकीच्या कामावर. गोधडी मध्ये येईलच, कारण ती माझ्या हातातून सुटत नाही.

लेक शहरात इंजिनिअरिंग शिकते. खरे सांगायचे तर तिला चित्रकला शिकायची होती. घरातून आम्ही सर्वांनी, आणि त्यात मीही होते, तिला इंजिनिअरिंगला घातले. मी स्वतः शाळेत चांगली चित्रे काढीत असे. मला कोणी विचारले नाही, आणि मी तिला विचारले नाही. पहिली दोन वर्षे ती सुट्टीत घरी आली की गप्प असे. वहीच्या मागच्या पानांवर वेली, मोर, मुनिया काढी आणि मी गेले की पान उलटी.

तिसऱ्या वर्षी कॉलेजात स्वतःच्या हाताने एक उपयोगाची वस्तू करून दाखवायची होती. ती दसऱ्याच्या आधी घरी आली. आपल्या भागात त्या दिवसांत काय चालते ते तुम्हाला सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि घरोघरी बोचकी बांधली जातात. आमच्या शेजारणीचे मूल तीन महिन्यांचे होते. ती म्हणाली, "अक्का, तळावर झोळी बांधता येती, पण फडात झाड कुठाय? गाडीखाली बांधावी तर गाडी ऊस घेऊन जाती. मग पाचटावर टाकावं लागतं लेकराला." पाचटात विंचूकाटा असतो. मागे एक मूल तिने असेच वाढवले आहे, म्हणून ती हे अगदी साध्या आवाजात सांगत होती.

लेकीने ते ऐकले आणि ठरवले, उभी करता येईल, मोडून खांद्यावर नेता येईल अशी झोळी करायची. तीन बांबू, पुरुषभर उंचीचे, वर एकत्र बांधायचे, मधोमध झोळी टांगायची. मी विचारले, "चार का नको?" तिने मला स्वयंपाकघरातले चौरंग आणि तिवई दाखवली. चौरंग खडबडीत जागी डुगडुगतो; तिवई कुठेही ठेवा, तिचे तिन्ही पाय टेकतातच. एवढी वर्षे मी तिवईवर घागर ठेवते, पण हे कधी मनात आले नव्हते.

पहिल्या दिवशी तिने बांबूंवर अशी सुंदर वेलबुट्टी रंगवली की येणारीजाणारी थांबून पाहू लागली. मग झोळीत वीस किलो ज्वारी घालून झोका दिला. तिसऱ्या झोक्याला पाय फाकले आणि ज्वारी अंगणभर. लेक रडवेली झाली. मी ज्वारी वेचता वेचता म्हणाले, "वेलीने झोळी पडायची थांबत नाही, बाई." बोलून गेले, आणि मग माझेच मला वाईट वाटले.

रात्री मी गोधडी घेऊन बसले होते. गोधडीचा धावदोरा नक्षीसाठी नसतो. आतली फडकी सरकून एका कोपऱ्यात गोळा होऊ नयेत म्हणून तो काठापासून आत आत फिरवतात. ओळी सारख्या अंतरावर आल्या की गोधडी टिकतेही आणि दिसतेही. लेक शेजारी बसून पाहत होती. एकदम म्हणाली, "आई, पाय वरून धरून चालणार नाही, खालून बांधायला पाहिजेत." दुसऱ्या दिवशी तिने पायांना वीतभर उंचीवर दोरीचा फेर घातला. वजन पायांना बाहेर ढकलते, दोरी त्यांना आत धरते. ज्वारी पडली नाही. पण एक पाय जवळ आला की झोळी कलायची. म्हणून दोरीला सारख्या अंतरावर तीन गाठी मारल्या, प्रत्येक गाठीशी एक पाय. गाठी पटकन सापडाव्यात म्हणून तेथे मी लुगड्याच्या काठाचे तीन लाल गोंडे लावले, गोधडीच्या कोपऱ्याला लावतो तसे. एवढाच माझा हातभार.

कॉलेजातल्या शिक्षकांना बाकी सर्व पसंत पडले. पण ते म्हणाले, हे इंजिनिअरिंग आहे, रुखवत नाही. गोंडे काढून टाका. लेकीने कापले. घरी आणल्यावर शेजारणीला पहाटेच्या अंधारात झोळी उभी करून पाहायला सांगितले, कारण फडात ती त्याच वेळेला जाणार. तिला गाठी सापडेनात. दोरी चाचपून ती म्हणाली, "ते लाल गोंडे कुठं गेले? त्याच्यावरच तर ध्यान होतं माझं." आम्ही ते पुन्हा शिवले. लेकीला गुण बेताचेच मिळाले, हेही सांगून टाकते.

त्या दिवसांत ती लक्ष्मणराव किर्लोस्करांविषयी वाचीत होती. आपल्या सासवांच्या वेळी घरात 'स्त्री' मासिक येई, ते याच किर्लोस्करांच्या घरातून १९३० साली निघाले. पण लक्ष्मणराव मुळात चित्रकार व्हायला निघाले होते हे मला माहीत नव्हते. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. पुढे कळले की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले, पण रेखा सुटली नाही. ते यंत्रांची रेखाचित्रे काढायला शिकले, ती शिकवू लागले, बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि १९०३ साली लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते म्हणून शेतकरी तो घेईनात! १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ते राजेसाहेब, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार. हे मला लेकीने वाचून दाखवले, आणि मला वाटते ते तिने मुद्दाम मला ऐकवले. मी भाकरी थापीत होते, वर पाहिले नाही. मग म्हणाले, "त्या वह्या आण इकडे. मागची पाने दाखव." तिने दाखवल्या. पुष्कळ होत्या.

गोदावरीपलीकडे पैठण आहे. पैठणीचा पदर उलटा केला तरी मुनिया तशीच दिसते, मागे लोंबता धागा नाही, कारण नक्षी वरून लावलेली नसते, विणतानाच विणलेली असते. लेकीची वेलबुट्टी वरून लावलेली होती, म्हणून मला खटकली. गोंड्यांचे तसे नाही. तरी वेल तिने पुसली नाही, आणि शेजारणीनेही पुसू दिली नाही. "लेकराला बघायला काही तरी नको का?" म्हणाली. तीन महिन्यांच्या पोराचे ते म्हणणे मला मान्य करावे लागले.

चैत्रात शेजारीण परत आली. एक बांबू चिरला आहे, दोरी काळी पडली आहे, गोंड्यांचा रंग उन्हाने उडाला आहे. मूल ठीक आहे, आता रांगते, झोळीत बसत नाही. उन्हाच्या बाजूला लुगडे अडकवायला वर खाच हवी होती, असे तिने सांगितले. लेकीने ते लिहून घेतले आहे.

यंदा दसऱ्याआधी आणखी चार झोळ्या हव्या आहेत. बांबू मिळाले आहेत. तुमच्याकडे जुन्या लुगड्यांचे काठ असतील तर मंगळवारी येताना घेऊन या. लाल असतील तर बरे, अंधारात लाल नाही दिसला तरी हाताला काठ जाड लागतो.