मशीन फळीवर ठेवू नका, बटणं शिकून घ्या

 

आज बोलायचंय ते झोपेत लावायच्या श्वासाच्या मशीनबद्दल. डॉक्टर त्याला सीपॅप म्हणतात. आपल्या तालुक्यातल्या काही घरांत हे मशीन आलंय. चार-पाच शेळ्या येतील एवढे पैसे त्यात गेलेत. कुणी गटाचं कर्ज काढून घेतलंय. पण गावोगाव बैठकीला जाते तेव्हा काय दिसतं? मशीन फळीवर, वरून फडकं झाकलेलं. विचारलं की ताई म्हणते, "वारं लई जोरात येतं, गुदमरल्यासारखं होतं, म्हणून काढून ठेवलं." मैत्रिणींनो, ते मशीन बिघडलेलं नसतं. बहुतेक वेळा फक्त ते आपल्याला जमेल असं लावून घ्यायचं राहिलेलं असतं.

आधी आजार समजून घेऊ. शेतात पाणी द्यायला लपेटा पाईप वापरतो ना? मोटार बंद केली की तो चपटा पडतो. मोटार सुरू झाली की पाण्याच्या दाबाने फुगतो आणि उघडा राहतो. आपल्या घशाचंही काही जणांत तसंच होतं. गाढ झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते आणि श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ थांबतो. मग दचकून जाग येते, मोठा श्वास घेतला जातो, पुन्हा झोप, पुन्हा तेच. हाच स्लीप ॲप्निया. मशीन मोटारीचं काम करतं. हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवतं. त्यात ऑक्सिजनची टाकी नसते, खोलीतलीच हवा असते. पूर्वी ज्यांचा त्रास फार वाढला त्यांच्या गळ्याला छिद्र पाडावं लागायचं. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी हा दाबाचा उपाय जगापुढे मांडला.

संगीतकार बप्पी लाहिरी फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. या आजारामुळे रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, दिवसा डुलक्या लागतात. उसाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला अशी डुलकी लागली तर काय होईल, ते आपल्याला सांगायला नको.

आणि हा फक्त पुरुषांचा आजार आहे असं समजू नका. बाई कधी कधी फार घोरत नाही. तिला सकाळी डोकं जड वाटतं, रात्रभर झोपूनही थकवा जात नाही, चिडचिड होते, झोप तुटते. घरचे म्हणतात, कामाने दमली असेल. पाळी गेल्यानंतर हा त्रास वाढतो. असं वाटत असेल तर बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथे कान-नाक-घसा किंवा छातीच्या विभागात विचारा. झोपेची तपासणी झाल्याशिवाय कुणाचं जुनं मशीन आणून लावू नका.

आता मशीनकडे वळू. त्यातल्या सेटिंगचे दोन वाटे करा. एक वाटा डॉक्टरांचा, एक आपला.

डॉक्टरांचा वाटा म्हणजे हवेचा मूळ दाब. तो साधारण ४ ते २० या आकड्यांत असतो. दहाचा दाब म्हणजे दहा सेंटिमीटर उंच पाण्याचा जेवढा दाब तेवढा. हा आकडा तपासणी पाहून ठरतो. शेजारणीच्या मशीनवर आठ आहे म्हणून आपलंही आठ करायचं नाही. जास्त वाटला म्हणून पोराला सांगून मोबाईलवर व्हिडिओ बघून कमी करायचा नाही. पोट फुगतं, ढेकर येतात, दाब सहनच होत नाही, तर डॉक्टरांना सांगा. ते बदलून देतील.

बाकीचा वाटा आपला. मशीन देणारा माणूस पाच मिनिटांत सगळं सांगून निघायला बघतो. त्याला बसवा, चहा द्या आणि या गोष्टी हाताने करून दाखवायला लावा.

पहिली गोष्ट रॅम्प. हे चालू केलं की मशीन कमी दाबाने सुरू होतं आणि हळूहळू वाढत जातं. तोवर आपल्याला झोप लागलेली असते. वारं लई जोरात येतं म्हणणाऱ्या ताईने आधी हे बघावं.

दुसरी गोष्ट श्वास सोडतानाची सवलत. वाऱ्याच्या विरुद्ध श्वास सोडायला जड जातं. बऱ्याच मशीनमध्ये श्वास सोडताना दाब थोडा उतरवायची सोय असते, १, २, ३ अशा पायऱ्यांची. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, म्हणून नाव पाठ करू नका. श्वास सोडायला सोपं जायचं बटण कुठंय, एवढंच विचारा. ते बदललं की डॉक्टरांच्या कानावर घाला.

तिसरी गोष्ट ओलावा. नाक-घसा कोरडा पडत असेल तर पाण्याच्या डबीची पायरी एकाने वाढवा. थंडीत नळीत पाणी साचून खुळखुळ वाजत असेल तर एकाने कमी करा, किंवा नळी वाकळेखाली घ्या. डबीत बोअरचं पाणी नको. आपल्या पाण्यात क्षार किती, ते चहाच्या पातेल्याला विचारा. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणा आणि रोज ताजं भरा. मशीन डोक्यापेक्षा उंच ठेवू नका, नाहीतर पाणी नळीतून तोंडावर येईल. खाली अंथरूण घालून झोपत असाल तर उशाशी पाटावर ठेवा, म्हणजे फरशीची धूळही कमी जाईल.

चौथी गोष्ट मास्क. बसून मास्क नीट बसवला आणि आडवं झालं की तो हलतो. म्हणून मशीन चालू करून, आडवं होऊन पट्ट्या लावा. पट्टीखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. हवा सुटून डोळ्यांत जात असेल तर डोळे लाल होतात. अशा वेळी पट्टी करकचून आवळू नका. मास्क जरा उचलून पुन्हा बसवा. चेहऱ्याला तेल-क्रीम लावून मास्क लावला की तो घसरतो, म्हणून आधी तोंड धुवा. अंबाडा मागच्या पट्टीत अडकतो, रात्री सैल वेणी घाला. चमकी टोचत असेल तर तेवढ्यापुरती काढा. मास्क रोज साबणाच्या कोमट पाण्याने धुवून सावलीत वाळवा. हवेचा फिल्टरही दर आठवड्याला बघा. आपल्याकडे धूळ फार, तो लवकर काळा पडतो.

बाया सगळ्यात जास्त विचारतात, "लाईट गेली तर गुदमरून मरू का?" नाही. मास्कला हवा जायला छिद्रं असतात. फक्त नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळंच असतं. नाक-तोंड दोन्ही झाकणाऱ्या मास्कला झडप असते, मशीन थांबलं की ती उघडते. जाग आली की मास्क काढून ठेवा आणि कुशीवर झोपा. इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर पाणी तापवणं बंद ठेवा, बॅटरी जास्त वेळ टिकते. कोयता घेऊन कारखान्यावर जाणार असाल, तर कोपीवर लाईट नसते हे डॉक्टरांना जायच्या आधीच सांगा, बॅटरीची सोय विचारा.

आता आपल्या सवयीची गोष्ट. गटाचा हिशेब आपण तोंडी ठेवत नाही, वहीत लिहितो. तसंच हे लिहा. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि तीन रात्री तसंच ठेवा. सकाळी मशीनवर दिसणारे तीन आकडे टिपून घ्या: किती तास लावलं, हवा किती सुटली आणि एएचआय. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडकला तो आकडा. तो पाचच्या खाली असेल तर काम चांगलं चाललंय. रोज पंधरा-वीस दिसत असेल तर वही घेऊन दवाखान्यात जा. वही दाखवली की डॉक्टरांनाही नेमकं कळतं.

पहिले दिवस जड जातात. दुपारी निवडण-टिपण करताना, जागेपणी अर्धा तास मास्क लावून बसा. अंगवळणी पडतं. मग रात्री दोन तास, चार तास, असं वाढवत पूर्ण झोपेपर्यंत न्या. दुपारी डोळा लागला तरी लावा.

शेवटी एक विनंती. नवऱ्याला मशीन लागलं तर घर त्याच्या मागे लागतं, "लाव, लाव." बाईला लागलं की तीच म्हणते, "मला काय होतंय, राहू द्या." मैत्रिणींनो, कर्जाचा हप्ता तर आपण फेडतोच आहोत. मग त्या पैशाची झोपही आपल्याला मिळाली पाहिजे. येत्या बैठकीत वसुली झाली की दहा मिनिटं हा विषय घ्या. कुणाच्या घरी मशीन फळीवर पडलंय ते विचारा, आणि दोघी-तिघी मिळून तिच्या घरी जा, फडकं काढा, बटणं लावून बघा.