मुलुंड ते बोरिवली, डोंगराला वळसा घालून

आया, मावश्या, काकू आणि आमच्या वयाच्या मैत्रिणींनो, आज आम्ही तिघी एकाच माइकसमोर बसलोय. एकीचं बोलणं दुसरीनं तोडलं तर सांभाळून घ्या.

तिघीही आपल्या माण तालुक्यातल्याच. लॅब टेक्निशियनचा, म्हणजे रक्त-लघवी तपासायचा डिप्लोमा केला आणि सहा महिन्यांच्या इंटर्नशिपला मुंबईत मुलुंडला गेलो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही. पहिले दोन महिने विद्यावेतन आलंच नाही, नाव घेतलं तर सगळं बोलणं तिकडंच जाईल. एका खोलीत तिघी राहायचो, नळाला पाणी सकाळी तासभर. हे फोनवर ऐकून घरच्या म्हणाल्या, "मुंबईतबी तेच होय गं?"

खर्चाची एक वही होती. कांदे, पास, रिचार्ज, सगळं त्यात. रविवारी फिरायला जायचं तर आधी वही उघडायची. त्यामुळं आम्ही समुद्र उशिरा बघितला आणि डोंगर आधी. गच्चीवरून मावळतीला हिरवा डोंगर दिसायचा. घरमालकीणबाई म्हणाल्या, तो नॅशनल पार्क, पलीकडं बोरिवली. आम्हाला वाटलं, मग काय, चालत जाऊ! पण मधे शंभर चौरस किलोमीटरांचं जंगल आणि त्यात बिबटे. पलीकडं जायचं तर डोंगराला वळसा घालायचा. मुलुंडहून लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रोनं अंधेरी, अंधेरीहून दुसऱ्या लाइनीची लोकल धरून बोरिवली. ही मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली, मुंबईतली पहिली. त्याआधी पूर्वेकडून पश्चिमेकडं जायचं म्हणजे दादरपर्यंत खाली जाऊन परत वर यायचं, नाहीतर बसमध्ये उभं राहायचं, असं तिथल्या बाया सांगायच्या.

मेट्रोतून असल्फा लागतं. टेकडीभर एकावर एक घरं, काही वर्षांपूर्वी रंगवलेली, निळी, पिवळी, गुलाबी. डब्यातली पोरं फोटो काढतात. आमची नजर गेली ती पायऱ्यांवर. एक बाई दोन हातांत दोन कॅन घेऊन चढत होती. तो फोटो आम्ही काढला नाही.

लेडीज डब्याबद्दल सांगायलाच हवं. बसायची बाकं तिघींची, पण चौथीला कडेला टेकायला जागा करून द्यायचीच, हा तिथला कायदा. कागदावर कुठं नाही, तरी सगळ्या पाळतात. "कुठं उतरणार?" असं विचारून सीट आधीच ठरवतात. चर्चगेट ते बोरिवली अशी नुसत्या बायकांची लोकल ५ मे १९९२ ला सुरू झाली. आम्ही जन्मायच्या आधीची गोष्ट. त्याच डब्यात आमची पहिली फजिती झाली. अंधेरीला समोर आली ती गाडी धरली, ती निघाली विरारची. बोरिवली आलं, आम्ही दाराकडं निघालो तोवर चढणाऱ्या बायांनी आम्हाला परत आत ढकललं. उतरलो थेट भाईंदरला. एक मावशी म्हणाली, "पोरींनो, बोरिवलीला जायचं तर बोरिवलीचीच गाडी धरा, आणि आधीचं स्टेशन गेलं की दाराशी उभ्या राहा." वहीत त्या दिवशी नुसतंच भाडं लिहिलं.

पुढच्या रविवारी पोचलो. पार्कच्या आत सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची लेणी. काळ्या दगडात शंभराच्या वर खोदलेली. दोन हजार वर्षांपूर्वी सुरुवात, आणि पुढं हजारेक वर्षं तिथं भिक्षू राहत होते. मोठं चैत्यगृह आहे, खांब आहेत, उंच मूर्ती आहेत, ते सगळं बघितलं. पण आम्ही दुष्काळी भागातल्या, आमचे पाय थांबले ते पाण्यापाशी. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या बाजूला दगडात कोरलेलं टाकं. वरच्या कातळावर बोटाएवढ्या-हाताएवढ्या चऱ्या पाडल्यात, पावसाचं पाणी त्यातून वाहत येऊन टाक्यात पडतं. दगडच तो, पाणी मुरत नाही, आणि तोंड लहान म्हणून उन्हानं फारसं उडतही नाही. तिथल्या ब्राह्मी लेखांत कुणी काय दान दिलं ते कोरलंय. कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याचं टाकं. टाक्याला त्या लेखांत 'पोढी' म्हणतात. देणारे कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी, सोनार, आणि बायासुद्धा.

तिथं एक फोटो काढला, तिघींचा, टाक्यापाशी. एकीनं स्टेटसला ठेवला आणि तिथंच घोळ झाला.

तिच्या चुलत्यानं तो बघितला. संध्याकाळी फोन. "शिकायला पाठवलं का हिंडायला? येत्या रविवारी गाडीत बस." चार महिने झाले होते, दोन राहिले होते. दाखला नाही तर डिप्लोमा नाही. फीसाठी तिच्या आईनं बचत गटातून कर्ज उचललेलं, त्याचे हप्ते चालूच. रात्रभर ती रडली, आणि आम्ही दोघी आपापले फोन बघत बसलो, आमच्या घरून कधी वाजतोय म्हणून.

रविवारी काकूच आल्या. दहिवडीहून रात्रीची एसटी, पहाटे चेंबूरला मैत्री पार्कला उतरल्या. हातात भाकरीचं गाठोडं. पाणी प्यायल्या आणि एवढंच म्हणाल्या, "कुठं हिंडता ते मला दाखवा."

मग तोच वळसा घातला. मेट्रोत काकूंनी डोळे मिटून दांडा धरला, असल्फ्याला उघडले. लोकलमध्ये एका अनोळखी बाईनं सरकून त्यांना चौथी सीट दिली. कान्हेरीचं तिकीट त्यांनी स्वतःच्या कनवटीच्या पैशांनी काढलं, आम्हाला काढू दिलं नाही.

लेण्यांच्या आत त्या फार रमल्या नाहीत. टाक्याशी मात्र बसूनच राहिल्या. वाकून आत बघितलं. तोंड किती हात ते मोजलं, मग चरीमागोमाग कातळावर चढत गेल्या, पार ती संपते तिथवर. राखणदाराला विचारलं, गाळ कोण काढतं? त्यानं काय सांगितलं ते वाऱ्यात कळलं नाही. लेखात बायांची नावं आहेत म्हटल्यावर म्हणाल्या, "हप्त्यानं दिलं असंल का गं एवढं?"

परत येताना गाडीतूनच त्यांनी दिराला फोन लावला. "मी सोबत हाय. पोरगी दोन महिन्यांनी येईल, दाखला घेऊन." पलीकडून बरंच काही आलं असावं, कारण फोन त्यांनी कानापासून लांब धरला होता. घरी गेल्यावर त्यांना काय-काय ऐकावं लागलं, ते त्यांनी आम्हाला आजतागायत सांगितलेलं नाही.

दाखला तिघींना मिळाला. आता काकूंचा गट कान्हेरीला जायचं म्हणतोय, पावसाळ्यानंतर. त्यांच्यासाठी, आणि आणखी कुणी निघणार असाल तर तुमच्यासाठी: सोमवारी पार्क बंद असतं. चढ आहे, चपला धड घाला. विरारची गाडी धरू नका. आणि भाकरी पदराखाली ठेवा, माकडं हातातून नेतात. आमची नेलीय.