वेल्समधली शाळा-तपासणी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे मी वेल्समध्ये राहते. तिकडच्या शाळांबद्दल बोल, असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा आपल्या बाईंची टाचणवही आठवली. 'साहेब येणार' म्हटलं की आपण वह्यांना नवी कव्हरं घालायचो. धडधड मात्र बाईंची व्हायची, हे तेव्हा कुठे कळत होतं!

वेल्समध्ये तपासणी करते ती 'एस्टिन' ही संस्था. वेल्श भाषेत या शब्दाचा अर्थ हात पुढे करणे, पोहोचणे. सप्टेंबर २०२४पासून सहा वर्षांत प्रत्येक शाळेची एक मुख्य तपासणी आणि एक मधली भेट होते. कामकाजाचे दहा दिवस आधी कळवतात. पालक, मुलं, शिक्षक यांना प्रश्नावली जाते. पथकात इतर शाळांतले अनुभवी शिक्षकही असतात. ते वर्गात बसतात, वह्या पाहतात, मुलांशी बोलतात.

पूर्वी शेवटी शाळेला 'उत्कृष्ट', 'चांगली' अशी श्रेणी मिळे. २०२२मध्ये ती बंद झाली. आता काय चांगलं चाललंय आणि काय सुधारायला हवं, हे अहवालात सविस्तर लिहितात. काही पालकांना हे अडचणीचं वाटतं. श्रेणी पाहून शाळा निवडणं सोपं होतं. फार मागे पडलेल्या शाळेवर आजही विशेष देखरेख येते, त्यामुळे शिक्षकांची धास्ती पूर्ण गेलेली नाही. तरी मला हा बदल पटतो. आमच्याकडे सहकारी एकमेकांचा कोड तपासतात. तिथे नुसतं 'ठीक' लिहून भागत नाही. कुठल्या ओळीत काय अडतंय, ते सांगावं लागतं.

वेल्सने उलटा अनुभवही घेतलाय. १८४७मध्ये सरकारी आयोगाने तिथल्या शाळांवर अहवाल दिला. तिन्ही आयुक्तांना वेल्श येत नव्हतं. मुलांची भाषाच मागासलेपणाचं कारण ठरवली गेली. 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणून लोक ते अजून विसरलेले नाहीत. आज एस्टिनचे अहवाल वेल्शमध्येही निघतात.

मराठी शाळेत शिकलेल्या आपल्याला हे दुखणं समजावून सांगायला नको. पण 'शाळा आता पूर्वीसारखी राहिली नाही,' हा शेरा आपणही सहज मारतो. आपल्यातल्या काही मैत्रिणी आज प्राथमिक शिक्षिका आहेत. शेरा मारण्याआधी एक दिवस त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून या, एवढीच विनंती.