लॅपटॉप अडून बसला तर



वर्धापनदिनाला कोणी लोणच्यावर बोलते, कोणी बाळंतिणीच्या खाण्यावर. चिटणीसबाईंनी मला लॅपटॉपवर बोलायला सांगितले, तेव्हा आमच्या घरी सारे हसले. पण त्याला कारण घडले, ते आधी सांगते.

२०२४ च्या मार्चअखेरीस मंडळाच्या भिशीचा हिशेब माझ्याकडे होता. मुलगी नोकरीला गेली तेव्हा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली होती, त्यातच सारा जमाखर्च. दुसऱ्या दिवशी हिशेब तपासायचा आणि आदल्या संध्याकाळी यंत्र चालूच होईना! एका दुकानात नेले. तेथल्या गृहस्थाने ते उघडूनही न बघता सांगितले, "मदरबोर्ड गेला. बारा हजार लागतील, आणि आतले काही मिळेल याची खात्री नाही." माझ्या पोटात गोळाच आला. तुम्हा सर्वांचे वर्षभराचे पैसे, आणि माझ्यापाशी कागदाचा चिटोराही नाही.

घरी येऊन मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, चार्जर काढ. चालू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धर. मग चार्जर लाव आणि चालू कर." तसे केले आणि पडदा उजळला! आत साचलेली वीज निघून गेली, की अडलेले यंत्र पुष्कळदा चालू होते म्हणे. त्या रात्री हिशेब पेनड्राइव्हवर उतरवला, तेव्हाच मी अंथरुणाला पाठ टेकली.

त्या दिवसापासून मी एक शिकले. मिक्सर बंद पडला तर आपण आधी प्लग पाहतो, तसेच येथेही बाहेरून आत जावे, आणि एका वेळी एकच गोष्ट पाहावी. त्याच प्लगात मोबाइल चार्ज होतो का? चार्जरच्या दोन्ही वायरी घट्ट बसल्या आहेत का? त्याचा दिवा लागतो का?

पंख्याचा आवाज येतो, दिवे लागतात, पण पडदा काळा? मग खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारावा. अंधुक चित्र दिसले तर पडद्यामागचा उजेड गेला असे समजावे. तारेने टीव्हीला जोडून पाहावे. तेथे चित्र आले, तर बिघाड पडद्यात किंवा त्याच्या तारेत आहे. आतली माहिती बहुधा शाबूत असते.

यंत्र तापून आपोआप बंद पडत असेल, तर ते गादीवर किंवा उशीवर ठेवता का, ते पाहा. हवेची भोके बुजली, की ते गुदमरते. सपाट पाटावर ठेवावे.

चहा सांडला तर तत्काळ चार्जर काढून यंत्र बंद करावे, पालथे घालून निथळू द्यावे आणि कारागिराकडे न्यावे. "चालते का पाहू" म्हणून बटण दाबू नये. तांदळाच्या डब्यातही ठेवू नये. त्याने काही साधत नाही.

आता कळकळीची गोष्ट. लॅपटॉपची पाठ फुगली, झाकण नीट मिटेना, किंवा बोट फिरवायची पट्टी वर उचलली गेली, तर बॅटरी फुगली असे समजावे. तेथे आपला हात चालवू नये. चार्जर काढावा, यंत्र वापरू नये, दाबू नये, टोचू नये. ती पेट घेऊ शकते. जाणत्या माणसाकडून ती बदलून घ्यावी आणि जुनी बॅटरी घरच्या केरात टाकू नये.

आणि आतून टक्‌टक्‌ आवाज येऊ लागला, तर दुरुस्तीचा विचार मागाहून. आधी फोटो, हिशेब, कागद दुसरीकडे उतरवून घ्यावेत. यंत्र नवे मिळते, बायांनो, पण नातवंडांचे फोटो दुकानात मिळत नाहीत.

आपल्याला यातले काय कळते, असे म्हणून गप्प बसू नका. त्या संध्याकाळी मी गप्प बसले असते, तर बारा हजार गेले असते आणि तुमचा विश्वासही. आपला हिशेब आता दर महिन्याला दोन ठिकाणी उतरवलेला असतो. कोणीही येऊन पाहावा.