यादीत नाव आहे का?

(मतदार जागृतीचं काम करणाऱ्या स्वयंसेवकांच्या एक दिवसाच्या शिबिरात, सप्टेंबर २०२५ मध्ये केलेलं भाषण)

 

मला आयोजकांनी विषय दिला होता 'मतदानाचं महत्त्व'. त्यावर मी बोलणार नाही. आपल्या डोंगरातल्या माणसाला मतदानाचं महत्त्व सांगायला लागत नाही. मणिबेलीचं केंद्र राज्याच्या यादीत पहिल्या क्रमांकाचं, आणि तिथे यंत्र नर्मदेच्या पाण्यातून होडीने न्यावं लागतं. आपले लोक दोन डोंगर उतरून, लेकरू पाठीला बांधून मत द्यायला येतात. शहरात केंद्र समोरच्या गल्लीत असून लोक घरी बसतात, ते महत्त्वाचं भाषण त्यांना द्यावं. मी आज माझी एक चूक सांगणार आहे. तुम्ही ती पुन्हा करू नये एवढ्यासाठी.

गेल्या वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच होऊन गेली होती, म्हणजे आपले लोक कुठे होते ते तुम्हाला माहीत आहे. मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला. पाड्यावर म्हातारी माणसं, कोंबड्या आणि कुलपं. मी फोनवर फोन केले. "या, एक दिवसासाठी या, मत वाया घालवू नका." शेवटी एका टोळीतले सहा कोयते तयार झाले. कोयता म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं, तेव्हा बारा माणसं. त्यांनी आपसात पैसे काढून गाडी केली आणि रात्रभर प्रवास करून पहाटे पाड्यावर उतरले. मतदानाच्या दिवशी मजुराला भरपगारी सुट्टी मिळते असं कायदा म्हणतो. पण तोडीची मजुरी टनावर असते. कोयता थांबला की पैसा थांबला, आणि मुकादमाच्या वहीत खाडा लागला.

मी त्यांना निघण्याआधी विचारलं होतं, "कार्ड आहे ना सगळ्यांकडे?" सगळ्यांकडे होतं. काहींनी मला फोनवर कार्डाचा फोटोही पाठवला. मी खूश.

केंद्रावर बारापैकी चौघांची नावं यादीत नव्हती.

त्यातली एक बाई, चाळिशीची असेल, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कार्ड पुन्हा पुन्हा पुढे करत होती. अधिकाऱ्याने यादी दोनदा पाहिली. त्याने नीट सांगितलं, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. कार्ड खरं आहे, पण यादीत नाव नाही, म्हणून मत देता येणार नाही. ती बाहेर आली आणि मला म्हणाली, "भाऊ, मेलेल्याचं नाव कापतात ना? मग माझं मेली म्हणून कापलं का?"

रागावली नाही ती. रागावली असती तर बरं झालं असतं. त्याच संध्याकाळी गाडी परत गेली. दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं, आणि मत नाही. तिला तिथून मी बोलावून आणलं होतं, आणि यादी उघडून बघायला मला पाच मिनिटं लागली असती.

नंतर शोध घेतला तेव्हा उलगडा झाला. त्या नवरा-बायकोने २०१९ ला मत दिलं होतं. मे २०२४ मध्ये लोकसभेच्या वेळी ते सुरतेकडे बांधकामावर होते, आलेच नाहीत. मधल्या कुठल्यातरी हिवाळ्यात यादीची उजळणी झाली, घराला कुलूप होतं, शेजारी म्हणाला असेल "गेले गुजरातला", आणि कागदावर ते 'स्थलांतरित' झाले.

इथे थोडं थांबू या, कारण सगळी गोम इथे आहे. मतदार यादीची दरवर्षीची उजळणी साधारण हिवाळ्यात होते. प्रारूप यादी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास लागते, हरकती घेतात, जानेवारीत अंतिम यादी येते. आपलं गाव रिकामं असतं ते याच महिन्यांत. बीएलओ म्हणजे आपली अंगणवाडीची ताई किंवा शाळेचे गुरुजी. ते दारात येतात तेव्हा दार बंद. यात कोणाचा डाव आहे असं मी म्हणत नाही. पण यादी आणि ऊस यांचा हंगाम एकच आहे, हे आपल्याशिवाय कोणाच्या ध्यानात येणार?

आणि कायदा या बाबतीत आपल्या बाजूचा आहे, हे पाठ करून ठेवा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट आहे की, राहत्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेला म्हणून माणूस तिथला रहिवासी राहत नाही असं होत नाही. ऊसतोडीला सहा महिने गेलेला माणूस पाड्याचाच आहे. तो गाव सोडून गेला असं म्हणून नाव काढायचं असेल तर आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, हे बाविसावं कलम. बीएलओ ताईशी भांडायला जाऊ नका. तिच्याजवळ बसा आणि सांगा, ताई, हे घर बंद आहे पण हे लोक होळीला येतात, यांचं नाव राहू द्या. लेखी द्या. त्या कागदाची एक प्रत आपल्याजवळ ठेवा.

बिहारचं तुम्ही ऐकलं असेल. तिथे यंदा यादीची मोठी फेरतपासणी झाली आणि १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत जवळपास ६५ लाख नावं आली नाहीत. मेलेले, दोन ठिकाणी नाव असलेले, आणि मोठ्या संख्येने 'कायमचे स्थलांतरित'. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्टला सांगितलं की वगळलेली नावं कारणांसह लोकांना दिसतील अशी लावा. त्यातली किती बरोबर, किती चूक, तो वाद इथे नको. पण 'स्थलांतरित' हा शब्द वाचला की मला ती प्लॅस्टिकची पिशवी आठवते.

बायकांच्या नावाचं दुखणं तर पहिल्या निवडणुकीपासूनचं आहे. तेव्हा देशात २८ लाखांच्या आसपास बायकांची नावं यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशी नावं ठेवायला नकार दिला. आज आपल्या सुना नाव सांगतात, पण नाव राहतं माहेरच्या यादीत. लग्न होऊन दुसऱ्या पाड्यावर आलेल्या प्रत्येक सुनेचा आठ नंबरचा फॉर्म भरायचा आहे. नवीन मतदाराला सहा नंबर, पत्ता बदल आणि दुरुस्तीला आठ नंबर. नाव कापून टाकण्याचा सात नंबर. तो कोणी गठ्ठ्याने भरत असेल तर कान टवकारा.

गणनेच्या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुली आहेत. मी डिप्लोमाला असताना त्या अध्यायाकडे कोणी फारसं पाहत नव्हतं, आम्हीही नाही. बाप मेला, भाऊ नाही, म्हणून बापाचं नाव कुळातून जाणार होतं. त्या पाचजणी मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि आमचं नाव का जावं असं विचारलं. आणि प्रभूने त्यांचं म्हणणं योग्य ठरवलं. मागच्या महिन्यात मी हा भाग महिला मंडळात सांगितला. एका आजीने विचारलं, "त्यांच्याकडे कार्ड होतं का?" हसू नका. प्रश्न नेमका होता.

आता पोरांचं. आपल्याकडे निम्मी गावं १ जूनला जन्मली आहेत, गुरुजींच्या कृपेने! पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत, म्हणून १ जूनचा मुलगा अठरा पुरे करून पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायचा. २०२२ पासून चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. म्हणजे आपल्या जूनवाल्यांना १ जुलै लागू होते, आणि सतरा पूर्ण झाल्यावर अर्ज आधीच करता येतो. बारावीच्या वर्गात जाऊन एका दुपारी हे काम होतं.

जिल्हा परिषद, पंचायत समितीच्या निवडणुकांची चर्चा चालू आहे. त्यांची यादी वेगळी तयार होत नाही. विधानसभेचीच यादी, आयोगाने ठरवलेल्या तारखेची, गट आणि गणात विभागतात. त्या तारखेनंतर घातलेलं नाव त्या निवडणुकीला कामाचं नाही. म्हणून 'निवडणूक लागली की बघू' हे वाक्य आपल्यात कोणी बोलायचं नाही.

दुसरी गोष्ट माझ्यासाठी यादीपेक्षा अवघड आहे. "भाऊ, बटण कुठलं दाबू?" हे तुम्हाला विचारणारच. मला एका म्हातारीने विचारलं. मी म्हटलं, "आजी, ते मी सांगायचं नाही." ती चिडली. "बी कुठलं पेरू ते तू सांगतोस, सुईणीकडे जाऊ नको, दवाखान्यात जा, ते तू सांगतोस. हे सांगायला तुझी जीभ का अडते?"

तिला द्यायला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. आपण रोज सल्ले देतो आणि नेमकं इथे हात वर करतो, हे तिला पळवाट वाटलं. पण मी सांगितलं असतं तर ते मत माझं झालं असतं, आणि मला एक मत आहे, तिच्यासकट दोन नाहीत. शिवाय आपण मंडळीची माणसं. प्रार्थनास्थळ प्रचाराला वापरायचं नाही हे आचारसंहितेत लिहिलं आहे, आणि धर्माच्या नावावर मत मागणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे. एका निवडणुकीत काही कार्यकर्ते रविवारी उपासनेनंतर आले आणि म्हणाले, फक्त दोन शब्द बोला, पत्र्याचं बघू. आमचं छप्पर त्या पावसाळ्यात गळलं. अजून गळतं.

पण नुसते हात वर करूनही चालणार नाही. म्हणून आम्ही असं करतो. प्रत्येक उमेदवाराला अर्जाबरोबर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं: शिक्षण, जमीनजुमला, कर्ज, दाखल गुन्हे. ते आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येतं. तालुक्याच्या गावी जाऊन, जिथे नेट लागतं तिथून, सगळ्या उमेदवारांची उतरवून आणायची. मोहाच्या झाडाखाली, मतपत्रिकेवरच्या क्रमाने, एकामागून एक वाचायची, आपल्या बोलीत सांगून. सगळ्यांना सारखा वेळ. भुवई उडवायची नाही, आवाज चढवायचा नाही. हे अवघड आहे. मला स्वतःला दोनदा टोकलं आहे, "भाऊ, याचं वाचताना तुमचं तोंड कडू झालं." आणि एक समजावून सांगायला विसरू नका: गुन्हा दाखल असणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. आपल्यातल्या कित्येकांवर जंगलातल्या लाकडाचे गुन्हे आहेत.

लोक ऐकतात हो! जमिनीचा आकडा आला की सगळी सभा सावरून बसते. मग आपण एवढंच विचारायचं: गेल्या पाच वर्षांत तुम्ही काय काय मागितलं होतं? वनपट्टा, हातपंप, पूल, आश्रमशाळेत शिक्षक. कोण आलं, कोण आलं नाही, ते त्यांना आपल्याहून जास्त माहीत असतं. त्या आजीने शेवटी कोणाला दिलं मला माहीत नाही. विचारायचं नसतं.

आदल्या रात्रीच्या लक्ष्मीदर्शनाबद्दल मी प्रवचन करणार नाही. पोटाला चिमटा असलेल्या माणसाला पाचशेची नोट नाकार म्हणणं मला, महिन्याला पगार मिळणाऱ्याला, सोपं आहे. पण लोकांना वाटतं, पैसे घेतले आणि दुसऱ्याला दिलं तर यंत्रात कळेल. हे खोटं आहे, आणि ते सांगायचं. यंत्रात कोणा एकाचं मत कळत नाही. चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते, तिच्यावर मतदाराचं नाव नसतं. मात्र केंद्रानुसार आकडे जाहीर होतात, म्हणून गावाने कसं दिलं ते पुढाऱ्यांना कळतं. हेही लपवू नका. अर्धं सांगितलं तर लोक उरलेल्या अर्ध्यावरून आपल्याला खोटं ठरवतील.

मला वेळ संपल्याची खूण होते आहे. तेव्हा कामाचं.

नवरात्राच्या आत प्रत्येक पाड्यावर यादीचं जाहीर वाचन. बीएलओ ताईला आधी विचारून, तिला सोबत घेऊन. कार्ड बघायचं नाही, यादी बघायची. नाव नसेल तर तिथेच फॉर्म. शंका आली तर १९५० ला फोन. दुसरं वाचन होळीला, काठीच्या होळीच्या आदल्या आठवड्यात. तेव्हा सगळे परत आलेले असतात आणि कोणाला परत जायची घाई नसते. मधल्या महिन्यांत, नोव्हेंबर ते जानेवारी, तुमच्यातल्या जे गावात राहणार आहेत त्यांनी बंद घरांची यादी करायची: घर कोणाचं, किती माणसं, कुठल्या मुकादमाबरोबर गेली, कधी येणार. ती बीएलओकडे लेखी.

त्या बाईचा सहा नंबरचा फॉर्म आम्ही या होळीला भरला. नवीन कार्ड आलं आहे, यादीत नावही मी स्वतः पाहिलं. दिवाळीनंतर ती आणि नवरा पुन्हा तोडीला जाणार, घराला पुन्हा कुलूप लागणार. तो पाडा तिसऱ्या गटाकडे आहे. तिसऱ्या गटातले कोण आलेत, जरा हात वर करा.