पवनचक्क्यांच्या मधली शेती



आपल्या किनाऱ्यावर काही गट खाडीत दोरावर शिणाणे वाढवतात. बी दोराभोवती लावायचं, वरून सुती जाळी गुंडाळायची. जाळी कुजेपर्यंत शिणाण्यांनी दोर घट्ट धरलेला असतो. खाद्य घालावं लागत नाही. पाण्यातलं गाळूनच ते खातात. आज अशाच शेतीबद्दल बोलू, पण ती भर समुद्रातली, पवनचक्क्यांच्या मधली.

युरोपात उत्तर समुद्रात विजेसाठी उंच पवनचक्क्या उभ्या केल्या आहेत. दोन चक्क्यांमध्ये शेकडो मीटर पाणी मोकळं असतं. तिथे अनेक ठिकाणी तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरना बंदी असते, म्हणून दोर तुटायची भीती कमी. मग त्या जागेत पीक का घेऊ नये, असा विचार पुढे आला. नेदरलँड्समध्ये २०२४ साली एका पवनक्षेत्रात समुद्री शेवाळाची शेती उभारली. शेवाळाला ना खत लागतं, ना गोडं पाणी.

त्याआधी, २०१७ ते २०१९ मध्ये, बेल्जियमने किनाऱ्यापासून तीस ते पन्नास किलोमीटर आत शिणाण्यांच्या जातीचे शिंपले वाढवून पाहिले. माल चांगला आला. पण उंच लाटांना टिकणारे दोर, नांगर, बोया आणि तिथवर जाणारी मोठी बोट, हा खर्च फार. आपल्या भाषेत सांगायचं तर पीक आलं, हिशोब जुळवणं अवघड गेलं.

म्हणजे हे काम छोट्या होडीचं नाही. मग आपल्याला त्याचं काय?

केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये समुद्रातल्या पवनविजेसाठी अर्थसाहाय्य मंजूर केलं. गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी पाचशे मेगावॅट. तामिळनाडूतल्या रामनाथपुरम किनाऱ्यावर बायका बांबूच्या तराफ्यांवर शेवाळ पिकवतात, पाण्यात बुडी मारून गोळाही करतात. मोठा प्रकल्प आला की होडीची वाट कुठून, मासेमारीला बंदी कुठे, मधल्या पाण्यात पीक कोणी घ्यायचं, हे सगळं कागदावर ठरतं. खांब उभे राहिल्यावर विचारून उपयोग नसतो.

आज आपल्या समुद्रात अशी पवनचक्की नाही. पण किनाऱ्यावर उद्या कुठलाही प्रकल्प आला, तर पहिला प्रश्न येईल, “इथे तुम्ही काय करता?” ओहोटीला कालवं काढणाऱ्या बाईकडे ना होडीचा परवाना, ना सातबारा. तिचं काम कागदावर दिसतच नाही.

म्हणून एक काम सांगते. गटाच्या पुढच्या बैठकीत लिहून काढा: कोणत्या खडपावर, कोणत्या महिन्यांत, किती जणी, काय काढतात आणि किती विकतात. इतिवृत्ताच्या वहीत नोंद करा, तारीख घाला, सगळ्यांच्या सह्या घ्या. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीला द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.